आठवणीतील थंडी आणि तापमापकातील थंडी

हिवाळा लागला की जुन्या थंडीच्या गोष्टी निघतात. पारावर असो वा चहाच्या टपरीवर, "आता ती पूर्वीची थंडी राहिली नाही," हे वाक्य ऐकल्यावाचून एकही हिवाळा जात नाही. ज्या मुलुखात बर्फ पडतो, तेथील वृद्ध बालपणीच्या बर्फाची आठवण काढतात. आपल्या विदर्भाच्या मैदानात बर्फ पडत नाही. परंतु गवतावर गोठलेल्या दवाची आठवण पुष्कळांपाशी आहे. ही आठवण कितपत खरी आणि शेतीच्या कामी तिच्यावर किती भिस्त ठेवावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पांढरी सकाळ

प्रस्तुत लेखकाचे बालपण नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बेसा या गावी गेले. त्या वेळी, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, गावाभोवती गहू, हरभरा, तूर व भाजीपाला यांची शेती होती आणि पहाटेच भाजीच्या टोपल्या कॉटन मार्केटकडे निघत. पौषातील एका सकाळी नाल्याकाठचे गवत पांढरेशुभ्र झालेले दिसले. मी ते मुठीत धरले. बोटे बधिर झाली आणि मुठीत केवळ पाणी उरले. आजी मात्र तिकडे पाहत नव्हती. रोपांच्या वाफ्यांवर आदल्या सायंकाळी पसरलेले तणस ती हलक्या हाताने बाजूला करीत होती. शाळेत जाऊन मी "आमच्याकडे बर्फ पडला" असे सांगितले. हा आकाशातून पडलेला बर्फ नसून जमिनीवरच गोठलेले दव आहे, असे गुरुजींनी समजावून दिले.

हे कसे घडते

दिवसभर साठविलेली उष्णता जमीन रात्री आकाशाकडे सोडते. आकाशात ढग असल्यास त्यांचे पांघरूण होते. आकाश निरभ्र, हवा कोरडी व वारा पडलेला असल्यास जमीन झपाट्याने निवते. थंड हवा जड असल्याने ती पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन सखल भागात साचते. म्हणून एकाच शिवारात माळावरील पीक वाचते आणि नाल्याकाठचे करपते.

दुसरी गोष्ट अशी की, वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे ४ फूट उंचीवर, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. शांत व निरभ्र रात्री गवताच्या पात्याचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असते. त्यामुळे वेधशाळेत ३ ते ४ अंशांची नोंद होत असतानाही शेतात दव गोठू शकते. हिमालयात बर्फवृष्टी झाल्यानंतर उत्तरेचे कोरडे वारे मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे येतात, तेव्हा अशी रात्र संभवते. बर्फ तिकडे पडतो. त्याचा गारठा इकडे पोहोचतो.

नोंदवही काय सांगते

नागपूरची हवामान वेधशाळा सोनेगाव येथे, बेसा गावापासून थोड्याच अंतरावर आहे. नागपूरच्या नोंदींतील सर्वांत कमी तापमान ३.५ अंश सेल्सियस असून ते २९ डिसेंबर २०१८ रोजी नोंदले गेले. त्यापूर्वीचा नीचांक ३.९ अंशांचा होता व तो जानेवारी १९३७ मधील होता. अर्थात, माझ्या आयुष्यातील सर्वांत थंड रात्र बालपणी आलीच नाही. ती मी नोकरीत असताना आली.

मग वडीलधारी मंडळी खोटे बोलतात काय? तसेही नाही. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे. शिवाय बेसा परिसरात शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या असून सिमेंट व डांबर दिवसाची उष्णता रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतात. आणि लहानपणी आपण अनवाणी, एका सुती सदऱ्यानिशी त्या थंडीत हिंडत होतो, हेही विसरून चालणार नाही. सरासरी वाढली हे खरे. परंतु त्यामुळे एखादी जीवघेणी रात्र टळली, असा अर्थ काढणे घातक आहे.

माझी चूक

ही चूक मी स्वतः केली आहे. २८ डिसेंबर २०१८ च्या सायंकाळी मामांनी विचारले, "टमाट्याले आज पाणी देऊ का, बाप्पू? वारा पडला आहे." गारठा वाढणार असल्याचे हवामानवृत्त मला ठाऊक होते. तरीही मी म्हणालो, "मामा, आता कुठं राहिली ती थंडी? उद्या सकाळी द्या." दुसऱ्या दिवशी ऊन वर येताच सखल बाजूच्या ओळींची पाने उकडल्यासारखी लोंबली आणि दोन दिवसांत काळी पडली. मामांनी मला दोष दिला नाही. पदवी माझ्यापाशी होती. वारा मात्र त्यांनी पाहिला होता.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. थंडीच्या लाटेचा इशारा मिळताच भाजीपाला, रोपवाटिका व फळबागेस सायंकाळी हलके पाणी द्यावे. ओली जमीन उष्णता अधिक साठविते आणि विहिरीचे पाणीही हवेपेक्षा कोमट असते.

२. रोपांचे वाफे सायंकाळी तणस, गोणपाट वा प्लास्टिकच्या कापडाने झाकावेत. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नये. ऊन आल्यावर आच्छादन काढावे.

३. संत्र्याच्या नवीन कलमांवर तुराट्या व गवताची झोपडी करून तिची पूर्व-दक्षिण बाजू उन्हासाठी मोकळी ठेवावी.

४. वारा नसल्यास पहाटे बांधावर ओला काडीकचरा धुमसता ठेवून धूर करावा. वारा असल्यास याचा उपयोग होत नाही. वस्तीजवळ हा उपाय टाळावा.

५. गहू व हरभरा यांना थंडी मानवते. या पिकांना भीती उशिरा पेरणीची अधिक आहे. बागायती गहू शक्यतो १ ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान पेरावा, म्हणजे दाणा भरण्याच्या वेळी तो फेब्रुवारी-मार्चच्या उष्म्यात सापडणार नाही.

ग्रामकार्यकर्त्यांस विनंती

प्रत्येक गावात किमान तापमान दाखविणारा एक तापमापक व एक वही असावी. सखल शेतात व माळावर आळीपाळीने नोंद घेतल्यास दोन-तीन हिवाळ्यांत कोणत्या शिवारात गारठा साचतो, हे गावाला कळेल. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यासाठी असतो. आपल्या नाल्याकाठची नोंद आपणच ठेवावी लागते.

माझी आजी निरक्षर होती. चुलीचा धूर सरळ वर चढू लागला आणि चांदण्या लखलखीत दिसू लागल्या की ती तणस काढून वाफ्यांकडे निघे. मागचा हिवाळा कसा होता, याची चर्चा तिने कधी केली नाही. ती त्या रात्रीचे आकाश पाहत असे. आपणही तेवढे करावे आणि जोडीला तापमापक ठेवावा.