विश्लेषण : एक तिसरा बेस, दोन स्टार आणि बोस्टनच्या चाहत्यांचा वाद

बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲलेक्स ब्रेगमनला तीन वर्षांसाठी १२ कोटी डॉलर (साधारण एक हजार कोटी रुपये) देऊन आणले. एकाच मोसमानंतर तो बाहेर पडला आणि जानेवारी २०२६ मध्ये शिकागो कब्ज संघात गेला. ज्या राफाएल डेव्हर्सची जागा त्याला दिली होती, त्याला तर क्लबने आधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकले होते. चूक कोणाची, यावरून चाहत्यांमध्ये दोन तट पडले. या वादाचे मूळ करारातल्या एका कलमात आहे. काय आहे हे प्रकरण?

इनफिल्डर म्हणजे कोण?

पहिला, दुसरा आणि तिसरा बेस सांभाळणारे आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप, हे चौघे मुख्य इनफिल्डर. उजव्या हाताच्या फलंदाजाने ताकदीने ओढलेला चेंडू तिसऱ्या बेसकडे जातो. क्रिकेटमध्ये शॉर्ट मिडविकेटला उभे राहण्यासारखे हे काम. शिवाय तिथून चेंडू थेट पहिल्या बेसपर्यंत फेकावा लागतो. इथे उत्तम क्षेत्ररक्षण आणि फलंदाजी दोन्ही जमणारे खेळाडू मोजकेच असतात.

डेव्हर्सचे काय बिनसले?

जानेवारी २०२३ मध्ये क्लबने डेव्हर्सशी १० वर्षांचा, ३१.३५ कोटी डॉलरचा करार केला. त्याच्या महिनाभर आधी शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्स सॅन दिएगोला गेला होता. त्यामुळे 'निदान हा तरी टिकला' म्हणून चाहते खूश होते. पण क्षेत्ररक्षणात सरस असलेला ब्रेगमन आला आणि डेव्हर्सला फक्त फलंदाजी करायला सांगण्यात आले. आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेअरसारखाच हा प्रकार. तो नाराज झाला, पण तयार झाला. मे महिन्यात पहिल्या बेसचा खेळाडू ट्रिस्टन कसास जखमी झाल्यावर क्लबने डेव्हर्सला तिथे खेळण्याबद्दल विचारले. त्याने जाहीरपणे नकार दिला आणि जूनमध्ये त्याची रवानगी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे झाली.

फ्री एजंट कधी होता येते?

आयपीएलमध्ये लिलाव होतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये तसे नाही. सर्वोच्च पातळीवर सहा वर्षांची सेवा भरली आणि करार संपला की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. हा हक्क १९७५ च्या लवादाच्या निकालाने मिळाला. त्याआधी क्लब खेळाडूला वर्षानुवर्षे बांधून ठेवू शकत असे. आयपीएलसारखी खर्चाची पक्की मर्यादाही इथे नाही. ठरावीक रकमेपेक्षा (२०२५ साठी २४.१ कोटी डॉलर) जास्त खर्च करणाऱ्या संघाला कर भरावा लागतो, एवढेच.

'ऑप्ट-आउट' कलम काय आहे?

खरी मेख इथे आहे. ब्रेगमनला लांब मुदतीचा करार हवा होता, क्लबला छोटा. तोडगा म्हणून दरवर्षी मोसमानंतर करार सोडून जाण्याची मुभा त्याला देण्यात आली. खेळ खराब झाला किंवा दुखापत झाली, तर थांबून ठरलेले पैसे घ्यायचे. खेळ चांगला झाला, तर बाजारात जाऊन मोठा करार मिळवायचा. म्हणजे जोखीम क्लबची, निवड खेळाडूची. त्याने दुसरा मार्ग निवडला आणि कब्जकडून ५ वर्षांसाठी १७.५ कोटी डॉलर मिळवले. वर्षाची सरासरी ४ कोटींवरून साडेतीन कोटींवर आली, तरी पाच वर्षांची हमी मिळाली.

चाहत्यांचे म्हणणे काय?

एक गट म्हणतो, ब्रेगमनला ठेवायलाच हवे होते. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या बाजूला ३७ फुटी भिंत आहे. उजव्या हाताने चेंडू ओढणाऱ्या फलंदाजाला ती फायद्याची ठरते. संघ २०२१ नंतर प्रथमच प्ले-ऑफमध्ये पोहोचला, त्यात त्याचा वाटा होता. त्याच्यासाठी डेव्हर्स गमावला, मग तोही हातचा का घालवला, हा या गटाचा सवाल.

दुसरा गट वयाकडे बोट दाखवतो. ब्रेगमनचा जन्म १९९४ चा. पाच वर्षांचा करार संपताना तो ३६ वर्षांचा असेल. २०२५ मध्ये मांडीच्या दुखापतीमुळे तो ११४ सामनेच खेळू शकला. त्याच्या गैरहजेरीत मार्सेलो मेयर या तरुणाने तिसऱ्या बेसवर पदार्पण केले. जागा अशा खेळाडूंना द्या, पैसा गोलंदाजीवर लावा, असे हा गट सांगतो.

क्लबने काय केले?

ब्रेगमन गेल्यावर काही दिवसांतच क्लबने डावखुरा पिचर रेंजर सुआरेझशी ५ वर्षांचा, १३ कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे 'पैसे नव्हते' असे म्हणायला जागा नाही. मुळात ऑप्ट-आउट असलेल्या एका करारासाठी दहा वर्षे बांधलेल्या खेळाडूला दुखवणे शहाणपणाचे होते का, हा प्रश्न मात्र उरतोच.

पुढे काय?

खेळाडू संघटना आणि लीग यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. खर्चावर पक्की मर्यादा हवी की नको, हा पुढच्या वाटाघाटींतला मोठा मुद्दा आहे. ती आली, तर असे करार करताना बोस्टनसारख्या श्रीमंत क्लबांनाही आयपीएल संघांसारखा हात आखडता घ्यावा लागेल.