पुरणयंत्र कुणाच्या लक्षात राहतं?

इंग्लंडमध्ये रीडिंगला येऊन मला आठ वर्षं झाली. आई अजूनही फोनवर विचारते, "अरे, तू नक्की करतोस काय?" सॉफ्टवेअर लिहितो म्हटलं की तिचं समाधान होतं. खरं तर माझा बराच वेळ लिहिण्यात नाही, याद्या सांभाळण्यात जातो.

पुरणपोळी खाणाऱ्याला वर तूप लागतं. करणाऱ्याला पुरणयंत्र, पोळपाट-लाटणं, तवा लागतो. पान वाढलं की यातलं काही दिसत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच. प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि मूळ कोडपासून तो तयार करायला, म्हणजे बिल्ड करायला, लागणाऱ्या वेगळ्या. या दुसऱ्या यादीला आम्ही बिल्ड डिपेन्डन्सी म्हणतो. लिनक्सवरचा 'लोहित' हा देवनागरी फॉन्ट घडवायला फॉन्टफोर्ज लागतं. त्यात मराठी वाचायला लागत नाही.

डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी जोपासलेली लिनक्स प्रणाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. त्यांच्या मूळ कोडसोबत 'कंट्रोल' नावाची फाइल असते, तीत ही यादी लिहायची. बिल्ड सर्व्हर म्हणजे जवळपास रिकामं स्वयंपाकघर. कंपायलरसारखी मोजकी भांडी आणि तुम्ही यादीत लिहिलेलं, एवढंच तिथे मिळतं. एक नाव राहिलं की बिल्ड कोसळतं. "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय" ही सबब तिथे कामाची नाही.

नाव राहिलं तर लगेच कळतं. जास्तीचं नाव मात्र वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतं. त्या पॅकेजमध्ये गंभीर दोष निघाला आणि वेळेत दुरुस्त झाला नाही, तर ते पुढच्या आवृत्तीतून वगळलं जातं आणि त्यावर विसंबलेलं तुमचंही सोबत जातं.

याहून मोठा धोका २०२४ मध्ये दिसला. 'एक्सझेड' हे फाइल कॉम्प्रेस करणारं छोटं सॉफ्टवेअर मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. मदतीच्या निमित्तानं एकानं दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो कामाला लावणारी स्क्रिप्ट सार्वजनिक कोडमध्ये नव्हतीच. ती प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती आणि बिल्ड होतानाच चालायची. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पाठपुरावा करत आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं २९ मार्चला हे जगासमोर आणलं. सुदैवानं डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलं नव्हतं.

आता गंमत बघा. लॉगिन सांभाळणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नव्हती. डेबियननं त्यात एक छोटी सोय जोडली होती. त्या सोयीसाठी बिल्डच्या यादीत सिस्टमडीची लायब्ररी आली आणि तिचं बोट धरून एक्सझेड आत शिरलं. पाहुण्याचा पाहुणा! पुढे डेबियननं तीच सोय त्या लायब्ररीशिवाय करून घेतली. यादीतलं एक नाव कमी झालं.

ऑफिसात नवीन मुलं विचारतात, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" मी त्यांना प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारायला सांगतो: हे खरंच लागतं का? हे कोण सांभाळतं? तो माणूस उद्या थकला तर? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर नाव काढायचं आणि रिकाम्या स्वयंपाकघरात पुन्हा बिल्ड करून बघायचं. तिसऱ्याचं उत्तर देता आलं नाही, तर त्या माणसाच्या मदतीला आठवड्यातला एखादा तास द्यायचा. त्याच्या कष्टांवर आपला पगार चालतो, निदान एवढं तरी आपण करावं.