एका नावाचे दोन दारवान

आमच्या घरातले इंटरनेट यंदा श्रावणात आठ दिवस आजारी होते. आजारी अशासाठी म्हणतो की, ते धड बंदही पडले नव्हते आणि धड चालतही नव्हते. सौ.च्या फोनवर चालावे, माझ्या लॅपटॉपवर अडावे. तासाभराने पाहावे तो नेमका उलटा प्रकार! घरात बिघाड झाला की गुन्हेगार शोधण्याची आम्हां बापमंडळींना कोण घाई. बारावीतले चिरंजीव रात्र रात्र मोबाइलवर असतात, तेव्हा त्यांनीच काही खुडबूड केली असणार, असा निकाल देऊन मी मोकळा झालो. आईच्या देखत त्याला नको ते बोललो. 'मी हात लावलेला नाही, बाबा,' एवढेच म्हणून तो पुस्तके उचलून मित्राकडे अभ्यासाला गेला. पुढे चार दिवस तो माझ्याशी जेवणापुरता बोलला.

मग कंपनीला फोन लावला. 'बंद करून पुन्हा चालू करा' हा तिथला रामबाण. गंमत म्हणजे तो लागूही पडे. पण अर्धा तास! पलीकडच्या मुलीने मात्र एक कामाची गोष्ट सांगितली. फायबरच्या तारेतून प्रकाश येतो. तो येईनासा झाला की डब्यावरचा 'एलओएस' हा दिवा तांबडा होतो. आमचा तो दिवा विझलेला होता आणि 'पॉन'चा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. म्हणजे तार शाबूत होती. दुखणे उंबरठ्याच्या आत होते.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन ठाण मांडले. वाचकहो, मी पडलो मराठीचा मास्तर. पण वाक्य अडले की एकेक पद सुटे करून पाहावे, एवढे मला कळते. लॅपटॉपवर 'पिंग' नावाची एक आज्ञा असते. कुणाला तरी हाक मारून तो ओ देतो का, हे पाहायचे, इतकेच तिचे काम. राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्याला हाक मारली, ओ आली. बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला मारली, सामसूम! दारवान जागा, पण दार बंद. तेव्हा त्या दारवानाचेच पान उघडावे म्हणून त्याचा पत्ता टाइप केला, तर पडद्यावर भलत्याच कंपनीचे नाव!

ते नाव माझ्या ओळखीचे होते. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून माळ्यावरचा जुना राउटर काढून, नव्याला केबलने जोडून, तो कपाटावर मीच ठेवला होता. बरोबर आठ दिवसांपूर्वी. हे मी विसरलो नव्हतो. पण आपण केलेल्या सुधारणेनेच घर बिघडेल, ही शंका कुणाच्या मनाला शिवते?

झाले होते ते असे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते साधारण ४२९ कोटीच. ते पुरावेत कसे? म्हणून १९९६ साली ठरलेल्या नियमाप्रमाणे काही आकडे केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ने सुरू होणारे त्यांतलेच. लाखो घरांत तोच पत्ता असला तरी बिघडत नाही. एकाच घरात दोघांचा असला की घोटाळा. वाड्यात दोन गणपतराव असले की पोस्टमन ज्याच्या हाती सापडेल त्याला पत्र देतो, तसे आमचे चालले होते. शिवाय फोन-लॅपटॉपना क्रमांक वाटण्याचा अधिकारही दोघांकडे. त्यांतल्या जुन्याकडे जो जाई, तो अडके. कारण त्या बिचाऱ्याला बाहेरची वाटच नव्हती.

जुन्याची केबल काढली. सगळे सुरळीत! फक्त आईची खोली पुन्हा कोरडी. तिच्या टॅबला सिमकार्ड नाही आणि टोरांटोच्या मावशीचा फोन तर दर रविवारी तिथेच यायचा.

संध्याकाळी चिरंजीव आले. 'चूक माझी होती. तुला उगाच बोललो,' मी म्हणालो. आणि तेही आईच्या देखत. तो काही बोलला नाही. जुना राउटर त्याने एकटाच लॅपटॉपला जोडला, पत्त्यातला शेवटचा १ खोडून २ केला, क्रमांक वाटण्याची 'डीएचसीपी' नावाची सोय बंद केली आणि केबल पुन्हा जागच्या जागी खोचली.

"आता मारा हाक, बाबा."

मारली. ८.८.८.८ने ओ दिली. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून आईचा खणखणीत आवाज आला, "अगं, यंत्र चांगलं होतं, तुझा भाचाच बिघडला होता!"