गाठ हाताला लागली, तर…
लेखमाला : तिचं आरोग्य | लेखांक ६

अंघोळ करताना छातीत गोटीएवढं काहीतरी हाताला लागतं. दाबलं की सरकतं, दुखत मात्र नाही. मुलगी बावीस वर्षांची, घरात स्थळं बघणं चाललेलं. मग महिनोन्‌महिने आईलाही पत्ता लागत नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट घराघरांत लपवली जाते, म्हणून आजचा लेखांक तिच्यासाठी.

आधी दिलासा. पंधरा ते तीस या वयात सर्वांत जास्त आढळते ती फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ. रबरासारखी, कडा स्पष्ट, बोटाखालून निसटणारी. तो कॅन्सर नाही आणि सहसा पुढेही त्याचा कॅन्सर होत नाही. पाळीच्या आधी स्तन जड होऊन गुठळ्या लागतात, त्या संप्रेरकांमुळे. पाळी झाली की ओसरतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साकळून गाठ येते, कधी पू होतो, ताप भरतो. तिथे ‘बाळाचं डोकं लागलं’ म्हणत शेकत बसू नये. पू झाला तर सोनोग्राफीत बघून सुईने काढता येतो, आणि बाळाला पाजणं बहुतेक वेळा चालू ठेवता येतं. औषधं घेऊनही लाली उतरली नाही, तर मात्र पुन्हा दाखवायलाच हवं. स्तनाचा क्षयही असतो, आणि क्वचित कॅन्सरही असाच लाल होऊन येतो.

यातली नेमकी कुठली, हे वयावरून ठरत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हे तर उलटंच आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. गाठ नेमकी कुठली हे ठरवायला तीन पायऱ्या असतात : डॉक्टरांनी हाताने तपासणं, सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर सुईची तपासणी. तरुण वयात स्तन घट्ट असतो, मॅमोग्राफीत गाठ त्यात झाकली जाते, म्हणून आधी सोनोग्राफी. सुई लावली की गाठ चाळवते आणि पसरते, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरत नाही. सुई टाळल्याने निदान लांबतं, आणि नुकसान होतं ते त्यामुळे.

परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी स्तन हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष आले : पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तशी ठोस घट दिसली नाही. मला यातून एवढंच दिसतं की तरुण मुलींची सरसकट तपासणी करत सुटण्यात अर्थ नाही. पण जिला स्वतःला गाठ लागली आहे तिची तपासणी टाळता कामा नये. सरकारी तपासणी मोहीमही तिशीपासून पुढे आहे. आशाताईंच्या यादीत बावीस वर्षांची मुलगी येत नाही. तिला स्वतःच तोंड उघडावं लागतं.

कधी जायचं? साधी, सरकणारी गाठ असेल तर एक पाळी होऊन जाऊ द्या. त्यानंतरही राहिली तर जा. गाठ दगडासारखी टणक असेल, जागची हलत नसेल, कातडी आत ओढली असेल, बोंडातून रक्त येत असेल, काखेत गाठ असेल, किंवा आई, मावशी, बहिणीला हा आजार झाला असेल, तर पाळीचीही वाट बघू नका. गरोदर असाल तरी नाही.

पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही, म्हणून पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद आहेत ही सबब चालत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाता येतं. पुढे गरज पडलीच तर टाटाचंच खारघरचं केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि कॅन्सरच्या उपचारांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होते. पुरुष डॉक्टर असले तर आईला, वहिनीला किंवा परिचारिकेला आत थांबायला सांगा. तसं म्हणण्यात संकोच नको.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न, जो खरं तर पहिल्या दिवसापासून मनात असतो. फायब्रोअ‍ॅडिनोमा लहान असेल आणि तपासणीत खात्री झाली असेल, तर तो बहुधा काढतही नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघतात. वाढत असेल तर काढतात. पुष्कळदा बोंडाभोवतीच्या काळ्या कडेवरूनच छेद घेता येतो, व्रण फारसा दिसत नाही, आणि पुढे बाळाला अंगावर पाजायला सहसा अडचण येत नाही.