गाडीचं डिझेल आणि टायरची निवड



कापूस, सोयाबीन, तूर बाजारात न्यायला, वरुड-मोर्शीकडे संत्र्याची कॅरेट वाहायला आता गावोगावी पिकअप नाही तर छोटा हत्ती उभा दिसतो. आणि हंगाम सुरू झाला की एक तक्रार हमखास कानावर येते, "भाऊ, गाडी लय डिझेल पिऊन राह्यली!" मग इंजिन उघडलं जातं, ड्रायव्हरवर संशय घेतला जातो. पण गाडी ज्या चाकांवर उभी आहे, त्यांच्याकडे कोणी वाकून पाहत नाही. या पत्रकात त्या चाकांचाच विचार करू.

बंडीवरून समजून घ्या

लाकडी चाकाची, लोखंडी धाव बसवलेली बंडी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पावसाळ्यात काळ्या मातीत ती धाव रुतायची आणि बैलांच्या तोंडाला फेस यायचा. पुढे रबरी टायरची बंडी आली. बैल तेच, ओझं तेच, पण ओढणं हलकं झालं. बदललं ते फक्त चाक.

मोटारगाडीचंही तसंच आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे तो थोडा चपटा होतो आणि पुढे गेला की पुन्हा गोल होतो. या दबण्या-फुगण्यात रबर तापतं. लांबून आल्यावर टायरला हात लावून पाहा, गरम लागेल. ही उष्णता तुमच्या डिझेलमधूनच आलेली असते. टायर जितका जास्त दबेल, तितका ओढा जास्त. हा ओढा शंभरात दहाने वाढला, तर डिझेल शंभरात साधारण एक ते दोनने जास्त लागतं.

रस्त्याचाही यात वाटा आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. अशा गुळगुळीत सडकेवर चाक अलगद फिरतं. तीच गाडी पांदणीच्या चिखलात घातली की ओढा कितीतरी पट वाढतो. म्हणून टायर घेताना पहिला प्रश्न हा विचारा, की आपली गाडी जास्त चालते कुठे? सडकेवर की पांदणीत?

मोठा टायर घालावा का?

गाडी उंच आणि भारदस्त दिसावी म्हणून बरेचजण मोठे टायर घालतात. आधी टायरवरचा आकडा वाचायला शिका. समजा २१५/७५ आर १५ असं लिहिलं आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शंभरात ७५, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. अशा टायरची एकूण उंची होते सुमारे ७०३ मिलिमीटर.

आता त्याच रिमवर २३५/७५ घातला तर उंची होते सुमारे ७३३ मिलिमीटर. फरक ३ सेंटिमीटरचा. पण गाडी जमिनीपासून वर उठते ती त्याच्या निम्मीच, म्हणजे फक्त दीड सेंटिमीटर! त्याबदल्यात तोटे पाहा:

१) टायर जड आणि रुंद. थांबलेली गाडी दरवेळी हलवताना जास्त जोर लागतो.

२) चाकाच्या एका फेऱ्यात अंतर जास्त जातं, म्हणून इंजिनावर ओढ पडते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना खालचा गिअर लवकर टाकावा लागतो.

३) मीटर चुकतं. गाडी १०० किलोमीटर गेली तरी मीटरवर सुमारे ९६ च दिसतात. डिझेल ८ लिटर लागलं असेल तर खरं ॲव्हरेज १२.५, पण मीटरवरून येतं १२. वेगाचा काटाही कमी दाखवतो, हे तर धोक्याचंच.

लहान टायर घातला तर उलटं होतं. मीटर जास्त किलोमीटर दाखवतं आणि मालक खूश होतो, "ॲव्हरेज वाढलं!" वाढलेलं काहीच नसतं. म्हणून कंपनीने गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं मापच ठेवावं.

टायर निवडताना

रेडियल टायर नायलॉन टायरपेक्षा हलका फिरतो आणि कमी तापतो. किंमत थोडी जास्त पडते, पण सडकेवर जास्त चालणाऱ्या गाडीला तो परवडतो. एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन मात्र कधीही घालू नये.

उभ्या खाचांचा टायर सडकेवर कमी ओढ घेतो. आडव्या, खोल खाचांचा टायर चिखलात पकड धरतो, पण सडकेवर डिझेल जास्त खातो. पांदणीत रोज जावं लागत असेल तर आडव्या खाचांची जोडी मागे ठेवावी.

पैसे वाचवायला पिकअपला कारचे टायर घालू नका. ते तेवढ्या ओझ्यासाठी बनवलेलेच नसतात. भरल्या गाडीचा टायर फुटला तर माल जाईल आणि माणूसही जाईल.

झिजलेला टायर थोडा हलका फिरतो, हे खरं आहे. पण पहिल्याच पावसात तो घसरतो. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजत त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की तो टायर बाद समजावा.

हवा : फुकटातली बचत

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे, की "उन्हाळ्यात टायर फुटतो, हवा कमी ठेवा." हा समज चुकीचा आहे, बरं का! हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. वैशाखात सडक आधीच तापलेली असते. अशा वेळी कमी हवेचा, भरल्या गाडीचा टायरच फुटण्याचा धोका जास्त असतो.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासावी. चालून आल्यावर काटा जास्त दाखवतो, तो पाहून हवा सोडू नये. रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी मागच्या चाकांची हवा वेगळी असू शकते. तो आकडा पुस्तिकेत किंवा दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो.

टायर स्वतःच दुखणं सांगतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलं.

हिशोब करून पाहा

समजा गाडी महिन्याला १८०० किलोमीटर चालते आणि ॲव्हरेज १२ आहे. म्हणजे डिझेल १५० लिटर. कमी हवा, रुंद टायर, बिघडलेलं अलाइनमेंट असं सगळं मिळून शंभरात सहा वाया गेले असं धरलं, तर महिन्याला ९ लिटर आणि चार महिन्यांच्या हंगामात ३६ लिटर होतात. टायर लवकर झिजला तो खर्च वेगळाच.

खरं ॲव्हरेज काढायचं तर टाकी पूर्ण भरा आणि मीटर लिहून ठेवा. नेहमीच्या वाटेवर, नेहमीचं ओझं घेऊन फेऱ्या करा. मग त्याच पंपावर पुन्हा टाकी भरा. जितकी गाडी चालली, त्याला भरलेल्या लिटरने भागा. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका.

लक्षात ठेवा

• माप कंपनीचंच ठेवा.
• हवा दर आठवड्याला, थंड टायरवर तपासा. स्टेपनीचीही तपासा.
• टायर जोडीने बदला.
• ओझं परवान्याइतकंच भरा. कापूस टपाच्या वर फार उंच रचला तर वारा अडतो, त्यालाही डिझेल लागतं.

हे पत्रक गाडीतच ठेवा आणि ड्रायव्हरलाही वाचून दाखवा. बैलाच्या खुराकडे आपण रोज पाहतो, तसं गाडीच्या टायरकडेही रोज पाहायला हवं.