आई, तू मधेच श्वास थांबवतेस!

आमच्या घरात घोरण्याचा मान आधी सासऱ्यांचा होता, त्यांच्यामागे तो ह्यांच्याकडे आला. बाईमाणूससुद्धा घोरतं, हे आमच्याकडे कुणी कधी बोललं नाही. मागच्या उन्हाळ्यात लेक बाळंतपणाला आली आणि माझं बिंग फुटलं.

बाळंतिणीच्या खोलीत मी गादी टाकून झोपायची. बाळ दोन-दोन तासांनी उठायचं, त्यामुळे लेक रात्रभर अर्धी जागी. बारसं झालं आणि एका सकाळी बाळाला धुरी देता देता ती म्हणाली, "आई, तू घोरतेस. त्याचं काही नाही गं. पण तू मधेच थांबतेस! श्वासच घेत नाहीस. मी घड्याळ लावून बघितलं, वीस सेकंद! मग गुदमरल्यासारखा आवाज करतेस आणि पुन्हा सुरू."

"दमते गं दिवसभर," म्हणून मी हसण्यावारी नेलं.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. दोन वर्षांपासून रात्री तीनच्या सुमाराला मला धडधडून जाग यायची. छातीत पाखरू कोंडल्यासारखी फडफड. सकाळी डोकं जड, आणि दुपारी मेथी निवडता निवडता डुलकी. वय त्रेपन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. जो तो म्हणायचा, "पाळी गेली की होतं असं." गावात ईसीजी काढला तर तो अगदी सरळ. काढला होता दिवसा ना! मग मीही गप्प बसले.

लेक मात्र गप्प बसेना. तिनं माझं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि वडिलांच्या फोनवर पाठवलं. ह्यांनी ते एकदा ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला सोलापूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून विचारलं, "घोरता का?" मी ओशाळून म्हटलं, "छे हो, फारसं नाही." ह्यांनी मुकाट्यानं फोन टेबलावर ठेवून ते रेकॉर्डिंग लावलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! डॉक्टर मात्र गंभीरपणे ऐकत होते.

चोवीस तास छातीला होल्टरचं यंत्र लावलं. त्यात चोरी पकडली गेली. रात्री दोनदा ठोक्यांचा ताल पार बिघडला होता. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. तिथं रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हा आजार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो, हे ऐकून माझे हातपाय गार पडले.

मग बोटाला चिमटा, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा लावून झोपेची तपासणी झाली. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की एक वेळ धरतात. श्वास पूर्ण थांबला नाही, पण फार उथळ झाला तरी तो मोजतात. तासाला पाचपेक्षा जास्त वेळा झालं तर स्लीप ॲप्निया, तीसच्या वर गेलं तर तीव्र. माझा आकडा आला चौतीस.

"पण घशाचा आणि हृदयाचा संबंध काय?" मी विचारलं. डॉक्टरांनी छान समजावलं. मऊ नळीनं घट्ट ताक जोरात ओढलं की नळीच आत चिकटते ना, तसं झोपेत सैल पडलेल्या घशाचं होतं. वाट बंद, पण छाती आपली हवा ओढायला धडपडतेच. त्या ओढीनं हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या पातळ भिंती ताणल्या जातात. इकडे रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर घाबरून ॲड्रेनलिन सोडतं, रक्तदाब चढतो. हे रात्रीत शेकडो वेळा, वर्षानुवर्षं झालं की ते कप्पे मोठे होतात, त्यांत व्रण पडतात आणि ठोक्यांची लय सुटते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००४ साली असे रुग्ण तपासले. फिब्रिलेशन असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणांत स्लीप ॲप्नियाची लक्षणं दिसली. हृदयाच्या इतर रुग्णांत हेच प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होतं.

उपाय म्हणजे सीपॅप मशीन. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी ही युक्ती जगापुढे मांडली. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सोडायचा, म्हणजे घसा मिटत नाही. किंमत ऐकून मी म्हटलं, "माझ्या झोपेवर एवढे पैसे? त्यात स्लॅबचं काम होईल!" हे म्हणाले, "स्लॅब पुढच्या वर्षी घालू. त्याच्याखाली राहायला तू नको का?" बत्तीस वर्षांच्या संसारात असं बोलणं पहिल्यांदाच ऐकलं!

पहिले आठ दिवस मास्क काढून फेकावासा वाटायचा. नाक कोरडं पडायचं. गणपतीसारखी सोंड लावून झोपायचं म्हणजे लाजही वाटायची. मग मास्कचं माप बदललं आणि सवय झाली. आता सकाळी डोकं हलकं असतं, भाजी निवडताना डुलकी येत नाही.

पण मशीन लावलं की ठोके कायमचे ताळ्यावर, असं समजू नका बरं. मेयो क्लिनिकच्याच २००३ च्या अभ्यासात, ठोके पूर्ववत केल्यावर वर्षभरात ज्यांनी ॲप्नियावर उपचार घेतले नाहीत त्यांच्यातल्या ८२ टक्के जणांना फिब्रिलेशन परत झालं, घेतलेल्यांत ४२ टक्के. पुढच्या काटेकोर चाचण्यांत मात्र इतका फायदा दिसलेला नाही. म्हणून मला बीपीची गोळी आहे, रक्त पातळ करण्याची गोळी आहे, आणि वजन उतरवायला रोज सकाळी चालणंही आहे.

मैत्रिणींनो, पाळी गेल्यावर हा आजार बायकांत वाढतो. पण आपण 'घोरते' असं सांगत नाही. 'थकवा येतो, झोप लागत नाही, डोकं दुखतं' असं सांगतो. मग सगळा दोष वयाला नाहीतर टेन्शनला. हा फक्त जाड माणसांचाच आजार, असंही नाही. श्वास थांबणं, गुदमरून जाग येणं, दिवसा पेंग, रात्रीची धडधड आणि आटोक्यात न येणारं बीपी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मनानं झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नका, तिनं घसा आणखी सैल पडू शकतो.

नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार आपण चारचौघींत करतो. आपलं घोरणं ऐकायला मात्र शेजारी कुणी जागं नसतं. तेव्हा लेक, बहीण, जाऊ, जी कुणी जवळ झोपेल तिला एकदा कान देऊन ऐकायला सांगा.

माझी लेक सासरी गेली. पण रोज सकाळी तिचा फोन येतो. बाळाचं सांगायच्या आधी एकच प्रश्न, "आई, रात्री सोंड लावली होतीस ना?"