पाळीच्या आधीची बैठक

वीरच्या धरणातून निघून, पुरंदरची कड धरीत, बारामती शहराच्या मध्यातून वाहत, पुढे सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी अशा गावांची शिवारे भिजवीत इंदापूर तालुक्यात खोलवर शिरणारा नीरा डावा कालवा वयाने जेवढा ज्येष्ठ, तेवढाच वृत्तीने पक्षपाती आहे. कारण दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या प्रवाहाच्या मुखाशी ज्याची जमीन आहे त्याला पाण्याची विवंचना क्वचितच पडते, आणि शेपटाशी ज्याची जमीन आहे त्याचे अर्धे आयुष्य अर्ज करण्यात जाते. 1876-77 च्या महादुष्काळात हाताला काम नसलेल्या रयतेसाठी ज्याची खोदाई सुरू झाली आणि 1885 मध्ये ज्यातून पाणी खेळू लागले, त्या या कालव्यावर वाटपाचा तंटाही तितकाच जुना आहे. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे गट-पद्धतीचा प्रयोग केला, त्याचे मर्म हेच होते की उसाला गटातील जमिनीच्या एका हिश्श्यापुरतेच पाणी द्यावे, म्हणजे उरलेले पाणी हंगामी पिकांना आणि दूरच्या गावांना पोहोचेल. ऊस मात्र त्या हिश्श्यात राहिला नाही.

या जुन्या तंट्याचा आजचा वारस म्हणजे पाणी वापर संस्था. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा महाराष्ट्राचा अधिनियम 2005 साली झाला. त्यान्वये एका चारीवरील जमीनधारकांनी मिळून संस्था स्थापावी, पाणी हेक्टरी न घेता घनमापाने घ्यावे, ते सभासदांत वाटावे आणि पाणीपट्टी एकत्र भरावी, अशी योजना आहे. व्यवस्थापन समितीत शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना समान प्रतिनिधित्व असावे, हा त्या कायद्यातील मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला भाग. कारण मुखाशी असलेल्यांच्या बहुमताने शेपटाची जमीन कोरडी राहणे हा कालव्याचा नैसर्गिक धर्म आहे, आणि कायद्याने त्याला थोडा तरी अटकाव केला आहे.

संस्थेच्या वर्षातील महत्त्वाची बैठक सप्टेंबर-ऑक्टोबरात भरते. सिंचनाचे वर्ष 1 जुलैस उजाडते, परंतु खरा हिशेब 15 ऑक्टोबरचा, कारण पावसाळा ओसरल्यावर भाटघर (23.5 टीएमसी), नीरा देवघर (11.7), वीर (9.4) आणि गुंजवणी (3.7) या चार जलाशयांत त्या दिवशी जो साठा असेल, त्यातून पिण्याचे पाणी, बाष्पीभवन आणि उजव्या कालव्याचा हिस्सा वजा जाता जे उरेल, त्यावर रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तने बसवायची असतात. त्यानंतर मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते, आणि तिच्यापुढे आपले म्हणणे कोणत्या क्रमाने ठेवायचे हे संस्थेला त्याआधीच ठरवावे लागते.

क्रम ठरवणे हेच त्या बैठकीचे खरे कार्य आहे, आणि तेच सर्वांत अवघड. कारण पाळ्या वाढवा, तारीख आधी जाहीर करा, वाटप पुच्छाकडून सुरू करा, फुटलेल्या चाऱ्या दुरुस्त करा, रात्री कालव्यात टाकलेले डोंगळे, म्हणजे पाणी चोरण्याचे पाइप, उचला, अशा साऱ्याच मागण्या रास्त असल्या तरी दहा मागण्यांचे निवेदन साहेबांच्या टेबलावर पडले की त्यातली एकही धड वाचली जात नाही. "तात्या, दुरुस्ती पहिली लिहा, चारी फुटलेली असता पाळी मागून काय पदरात पडणार?" असे एखादा तरुण सभासद म्हणतो, आणि तात्या, ज्यांनी निवेदने देण्यात निम्मी हयात घालवली, ते उत्तर देतात, "दुरुस्तीचा ठराव उन्हाळ्यात, बाबा. आता तारीख मागू." अशा संवादात जो अनुभव मुरलेला असतो, तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडत नाही.

संस्थेचे दुसरे शस्त्र तिची वही. चारीच्या तोंडाशी मापकावर रंगवलेल्या पट्टीपर्यंत पाणी किती चढले, त्याचा आकडा, तारीख, वेळ आणि शेजारी पाटकऱ्याची सही, एवढाच तिचा मजकूर. पण ज्या संस्थेने ही वही इमाने राखली, तिच्या तक्रारीला पाटबंधाऱ्याच्या दप्तरात वजन येते, आणि जिने राखली नाही तिचे "पाणी कमी आले" हे वाक्य नुसते गाऱ्हाणे ठरते. अर्थात वहीने सर्व काही होत नाही. 2019 च्या जूनमध्ये शासनाने नीरा देवघरच्या पाण्याच्या वाटपात फेरफार करून बारामती-इंदापूरला मिळणारे जादा पाणी थांबवले, आणि 2020 मध्ये तो निर्णय फिरवला. दोन्ही वेळा निकाल मुंबईत लागला, चारीवरच्या नोंदींवरून नव्हे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कालव्याच्या अस्तरीकरणाचा प्रश्न आला की शेपटाच्या शेतकऱ्याला गळती थांबावी असे वाटते, तर काठावरच्या विहिरींचा मालक पाझर आटेल म्हणून विरोध करतो, आणि बऱ्याच वेळा ते दोघे एकाच संस्थेचे सभासद, कधी भाऊबंदही असतात; म्हणून हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येऊनही पुढच्या सभेवर ढकलला जातो. तीच गत उसाची. मागणीच्या तक्त्यात ज्वारी-गहू लिहून शेतात ऊस ठेवणारा सभासद आपल्याच संस्थेचा आकडा खोटा पाडतो, आणि मग सल्लागार समितीतील अधिकाऱ्याला तेवढे एक बोट ठेवायला पुरते.

लाभक्षेत्रात ज्यांची एक एकर का होईना जमीन आहे, त्यांनी यंदा सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या सभेला जावे, आणि ठरावाखाली सही करण्यापूर्वी आपल्या शेतातील पिके जशीच्या तशी नोंदवावीत.